चोबान कुठनं आला

२ नोव्हें., रवि. खुटबाव
दिवाळीची सुट्टी संपली. उद्यापासून परत शिरूर, परत कॉलेज, परत अकरावीची पोरं आणि त्यांचे अलंकार.

सकाळी नितीननं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. रोमानियात गेल्यापासून आमचे धाकटे बंधुराज फोटोच्या बाबतीत फार कंजूष झालेत. जाड जाकीट, हातात लांब काठी, मागं भिंतीचा तुकडा, उजवी बाजू कापलेली. खाली लिहिलंय, 'कंपनीच्या मागं साफसफाई.' आई म्हणाली वाळलाय. आईला मी सोडून सगळेच वाळलेले दिसतात.

आप्पांनी फोन आधी लांब धरून बघितला, मग जवळ धरून. "उभा बरा राहिलाय," म्हणाले आणि फोन परत दिला.

दुपारी नि.चा मला एकटीला फोन. "ताई, बाजूला जा." गोठ्याकडं गेले. म्हणतो, गोदामातलं काम उन्हाळ्यातच संपलं. आता मेंढरं राखतो.
"काय राखतोस?"
"मेंढरं. एका म्हाताऱ्याकडं. जेवण-राहणं चांगलंय. आप्पांना सांगू नको."
हसावं का रडावं कळेना. म्हशीनं मात्र मान वर करून बघितलं.

४ नोव्हें., मंगळ. शिरूर
दोन दिवस तेच डोक्यात.

आप्पांनी कळप विकला तेव्हा नि. नुकता चालायला लागला होता. त्या दिवशी देव्हाऱ्यातल्या बिरोबासमोर उभं राहून म्हणाले होते, "ह्या घरातलं पोर आता मेंढरामागं जाणार न्हाई." मला आठवतंय, कारण आई रडत होती आणि मला वाटलं कोणी मेलं. तेव्हापासून घरात मेंढरांचं नाव नाही. हिवाळ्यात धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासकट फिरती बिऱ्हाडं, येतात, लोक हौसेनं कळप आपल्या रानात बसवून घेतात, लेंडीखत मिळतं. आमच्या रानात एकदाही नाही. रस्त्यानं वाडा चालला की आप्पांना घरात काहीतरी काम निघतं.

ऊस केला, विहीर खोल केली, मला एम.ए. केलं, ह्याला विमानात बसवलं. आणि हा गडी सात समुद्र ओलांडून परत मेंढरामागं! बिरोबाची पण कमाल आहे.

आप्पांना कळलं तर चिडणार नाहीत. चिडले तर बरं. ते गप्प बसतील, त्याची मला भीती वाटते.

९ नोव्हें., रवि. शिरूर
नि.शी तासभर बोलले. गावाच्या दुकानात बटाटे घ्यायला गेला होता. दोन पोरं त्याच्याकडं बघून 'चोबान' म्हणाली आणि हसली. चोबान म्हणजे मेंढपाळ, एवढं त्याला माहीत होतं. हसण्यासारखं काय ते कळेना. म्हाताऱ्याला विचारलं (हा म्हातारा म्हणजे तिथला मुख्य मेंढपाळ, त्याला बाच म्हणतात). बाच म्हणाला, शहरातले लोक अडाण्याला, गावंढळाला चोबान म्हणतात, लक्ष देऊ नको.

नि. म्हणाला, "ताई, तू भाषा शिकवतीस ना? बघ की, हा शब्द मुळात शिवीच आहे का. नाव काय लागलंय मला ते तरी कळू दे."

हसत म्हणाला. पण मला त्याचं हसणं लहानपणापासून माहीत आहे.

मलाही शाळेत 'मेंढी' म्हणायचे. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून बेंऽऽ यायचं. नि.ला कधी सांगितलं नाही. त्याचा अजूनही राग येतो मला, जसाच्या तसा.

१२ नोव्हें., बुध.
चोबान. ऑफ तासाला कॉम्प्युटरवर बसले. रोमानियन ही लॅटिनची लेक, इटालियन-फ्रेंचची बहीण. पण चोबान माहेरचा नाही. तुर्कांकडून आलाय. कित्येक पिढ्या तिथं तुर्कांचा वचक होता, त्यांच्याबरोबर आला आणि राहिला. आपल्याकडं फारशी शब्द राहिले तसंच. हप्ता, दुकान, जमीन, कुणाला परके वाटतात?

नि.ला लगेच कळवलं. त्याचं उत्तर, 'बाचला सांगितलं. तो चिडला. म्हणतो तुर्कांचं आमच्याकडं काही नाही. दुपारी चीज पण नीट दिलं नाही.'

माझ्या संशोधनाचा पहिला परिणाम, भाऊ उपाशी.

१५ नोव्हें., शनि.
तुर्कांनी तरी कुठून आणला? तिथं अडले. वाचनालयात शेखसर भेटले. उर्दू शाळेतनं निवृत्त झालेत, फारसी येते, रोज सकाळी पेपरमागं बसलेले असतात. म्हटलं, सर, चोबान?

पेपर खाली आला. "चोबान नाही सुमनबाई, चूपान. शबान पण म्हणतात. फारसीत मेंढपाळाला हे दोन्ही आहेत. तुर्कांनी इराणातनं उचलला." मग डोळे मिटून म्हणाले, "पण चूपानच्या आधी काय होतं, ते मला विचारू नका. मी इतका म्हातारा नाही."

चहा पाजला त्यांना. म्हणाले, आजकाल कोणी शब्द विचारायला येत नाही, आधार कार्डाचे फॉर्म भरायला येतात.

१९ नोव्हें., बुध.
सापडला!!

जुन्या इराणीत 'फ्शु-पान'. पान म्हणजे राखणारा. आपल्या 'पालक', 'गोप' मधला 'पा'. आणि फ्शु म्हणजे... तोंडात दोनदा घोळवला. फ्शु. फ्शु. पशु! पशू राखणारा! फ्शुपान, शबान, चूपान, चोबान. झिजत झिजत चाललाय नुसता.

एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू आल्या. काय झालं गं? म्हटलं, पशू सापडला. त्यांनी वाकून पलंगाखाली बघितलं.

२० नोव्हें., गुरु.
स्टाफरूममध्ये सांगितलं. देशमुखबाई खूश. "बघा, शेवटी संस्कृतच सगळ्यांची आई!" म्हटलं, बाई, आई नाही हो, इथं फार तर मावशी. इराणी आणि संस्कृत सख्ख्या बहिणी, दोघींची आई तिसरीच, तिचा फोटो कुणाकडंच नाही. बाईंना आवडलं नाही. डबा उघडला, पण लोणचं पुढं केलं नाही.

आता मीही उपाशी.

२७ नोव्हें., गुरु.
बाचचा राग गेला. नि.ला म्हणाला, तुझ्या बहिणीला सांग, माझा आजा स्वतःला चोबान म्हणायचाच नाही. तो 'पकुरार' म्हणायचा. तो खरा आमचा शब्द, तो शोध म्हणावं.

म्हणजे म्हाताऱ्यालाही नाद लागला.

पकुरार. हा सरळ लॅटिन घराण्यातला. 'पेकुस' म्हणजे मेंढरं-गुरं, त्याच्यावरनं. पेकुस... पुढं वाचायच्या आधीच अंगावर काटा आला. लॅटिनमध्ये जिथं क, तिथं आपल्याकडं बऱ्याचदा श. शंभराला ते केन्तुम, आपण शत. मग पेकु म्हणजे?

पशु. परत पशुच!

म्हणजे एका गावात दोन शब्द. एक रोमकडनं आला, एक इराण-तुर्कस्तानाला वळसा घालून. एकमेकांना ओळखत नाहीत, परका-आपला म्हणून भांडतात, बाच त्यांच्यापायी चीज देत नाही. आणि दोघांच्या पोटात तोच एक पशु. घर सोडून गेलेले दोन भाऊ म्हातारपणी एकाच बाजारात शेजारी बसलेत आणि भाव करतायत, असं वाटलं मला.

आज जेवण केलं नाही, पोहे खाल्ले. कोण स्वयंपाक करतंय.

२९ नोव्हें., शनि.
नि.ला सगळं सविस्तर व्हॉइस मेसेज करून पाठवलं. तीन वेळा ऐकलं म्हणाला. बाचला खुणा करून, मोबाईलवर भाषांतर करून सांगितलं. बाचनं टोपी काढली आणि परत घातली. त्याचा अर्थ नि.ला कळला नाही.

मग नि. म्हणाला, "ताई, एवढा घरंदाज शब्द आहे, तर शिवी कशी झाली?"

डिक्शनरीत शब्द कुठनं आला ते देतात. त्याला कुणी खाली ढकललं ते देत नाहीत.

६ डिसें., शनि. शिरूर
शेखसरांना दोन भावांची गोष्ट सांगितली. फार खूश झाले. मग मिश्किलपणे म्हणाले, "रोमानियाचं झालं. धनगर शब्द कुठनं आला, सुमनबाई?"

कोणी धनावरनं म्हणतं, पशुधन म्हणून. कोणी धेनूवरनं, कोणी डोंगरावरनं. एकाचं दुसऱ्याला पटत नाही, मला कुठलंच पटत नाही. म्हटलं, नाही माहीत सर.

"मग घरी विचारा की."

घरी! ह्यांना काय माहीत आमचं घर.

७ डिसें., रवि. खुटबाव
विचारलं.

सकाळच्या गाडीनं चौफुल्याला उतरले, तिथनं जीपनं घरी. आप्पा ओट्यावर दोरी वळत होते. आई रानात. चहा दिला आणि एका दमात बोलून टाकलं. आप्पा, धनगर शब्द कुठनं आला?

दोरी थांबली नाही. "मला काय ठावं? आमी चालत आलो."

मला हसू फुटलं. तेही हसले थोडं. म्हटलं चला, निभावलं. तेवढ्यात म्हणाले,
"नित्या कवापासनं हाय मेंढरात?"

म्हटलं, कोणी सांगितलं?
"कोन सांगतंय? त्यो फोटू नव्हता का धाडला. मेंढरं कापून टाकली त्यानं कडंची, पन सोताला कुठं कापता येतंय?"

फोटो काढून बघितला. मी तो निदान वीसदा बघितला असेल. काठी रोवलेली, हनुवटी काठीवर, सगळा भार उजव्या पायावर आणि डावं पाऊल उजव्या गुडघ्याला टेकवलेलं. बगळ्यासारखा.
"झाडू घिऊन असा कोन हुबा ऱ्हातो व्हय? माझा बा असा हुबा ऱ्हायचा. दिवस दिवस."

तात्यांना, म्हणजे आजोबांना, नि.नं बघितलेलंही नाही. आप्पांना त्यानं कधी मेंढरात बघितलं नाही. मग हा कुठनं शिकला?

आप्पांना विचारलं, राग आला का? त्यांनी दोरीला पीळ दिला. मग, "त्याला सांगू नगं मला ठावं हाय म्हनून. सांगंल त्यो."

आता भाऊ म्हणतो बापाला सांगू नको, बाप म्हणतो पोराला सांगू नको. आणि मी मधे, एम.ए. मराठी.

८ डिसें., सोम. शिरूर
नि.ला सहज विचारल्यासारखं विचारलं, बाच कळपात कसा उभा राहतो रे? म्हणाला, दोन पायांवर, अजून कसा? आणि तू? "मी पण दोन पायांवर. असं काय विचारतीस?"

त्याला माहीतच नाही.

२१ डिसें., रवि. खुटबाव
आईला पण आप्पांनी सांगून टाकलंय. ती रडली नाही. एवढंच विचारलं, थंडी किती असते तिथं? घोंगडं पाठवता येतं का? म्हटलं नि.च्या हिशेबी आप्पांना ठावं नाही ना अजून, मग घोंगडं कसं पाठवायचं? तिनं कपाळाला हात लावला. "ह्या बापलेकांनी मला येड लावलंय."

नि. मला एकटीला व्हिडिओ पाठवतो ते आप्पांना दाखवले. बर्फात मेंढरं. लोकर लांब, शिंगं पिळाची. दुसऱ्यांदा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा बोट ठेवलं, "ही डावीकडची. पुढचा पाय उचलतीय. खूर सडलाय तिचा. सांग त्याला, वाळल्या जागी बांध, खूर तासून साफ कर."
"तुम्हीच सांगा की."
"मी कसा सांगू? मला कुठं ठावं हाय?"

२२ डिसें., सोम.
नि.ला खुराचं सांगितलं. "ताई, तुला कसं कळलं?" म्हटलं, यूट्यूब.
विश्वास बसला त्याचा. देवा, किती भोळा आहे.

११ जाने., रवि. शिरूर
आज नि.चा सूर वेगळा. बाच म्हणतो, उन्हाळ्यात कळप डोंगरावर जाईल, थंडी पडेपर्यंत वर राहायचं, फोन लागत नाही. येशील का? माझ्यानंतर कळप नीट बघणारा कोणी नाही, पोरं शहरात गेली. येणार नसशील तर आत्ताच सांग, दुसरा बघतो. नाही म्हटलं तर नि.ला परत गोदामाचं काम, ते मिळतंय म्हणाला.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.
"मला जायचंय ताई." लगेच म्हणाला. "सकाळी कळप सोडला की मला बरं वाटतं. गोदामात कधी वाटलं नाही. पण आप्पांना न विचारता नाही जायचं. आणि विचारायचं म्हणजे सगळंच सांगायला लागणार."

मग सांग की बाबा!! जीभ चावून गप्प बसले. आप्पांना शब्द दिलाय.

ह्या चोबान आणि पकुरारपायी मी सगळं जग पालथं घातलं. घरातल्या घरात दोन माणसांची गाठ घालता येईना.

२५ जाने., रवि. खुटबाव
गावात शिरताना शेजारच्या रानातल्या बबनमामांनी अडवलं. "तुमच्या रानात वाडा बसलाय गं! आप्पाला काय झालं?"

खोटं वाटलं. चालत रानापर्यंत गेले तर खरंच. मागचा ऊस मोडून रान मोकळं केलंय, त्यात जाळ्या ठोकल्यात आणि आत मेंढरंच मेंढरं. आप्पा बांधावर त्या वाड्यातल्या म्हाताऱ्याबरोबर तंबाखू मळत बसलेले. मला बघून जरा लाजले. "खत व्हईल," म्हणाले.

खत व्हईल म्हणे. इतकी वर्षं काय रानाला खत नको होतं?

बबनमामा मागोमाग आलेच. नितीनचं काय चाललंय, कुठल्या कंपनीत? आप्पांनी तंबाखू तोंडात टाकली, थुंकले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुमे, काय म्हनत्यात गं त्याला तिकडं?"
"चोबान."
"हां. चोबान हाय त्यो. मोठा शबुद हाय, लई लांबनं आलाय. पोरगीला इचार, तिला सगळं ठावं हाय."

मामांना वाटलं मॅनेजरच्या वरची पोस्ट. भारी काम झालं म्हणाले.

म्हणजे मी नि.ला पाठवलेलं ते सगळं, इराण, रोम, दोन भाऊ, आईनं आप्पांना ऐकवलं होतं. तिला नि.चं कळल्यावर मीच पाठवलं होतं, आवडेल म्हणून.

३१ जाने., शनि. शिरूर
नि. : 'बाचला उद्या सांगायचंय.' एवढंच.
मी : 'उद्या संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल कर. आप्पांना.'
त्यानं बघितलं.

१ फेब्रु., रवि. खुटबाव
हे रानातच लिहितेय, बांधावर बसून.

मुद्दाम आप्पांना इथं बसवलं. पाठीमागं वाड्यातली मेंढरं. ऊन उतरत होतं तेव्हा कॉल आला. नि. भिंतीला टेकून, मागं काही दिसू नये असा. "आप्पा, जेवलात का?" "व्हय. तू?" "हो."

तेवढ्यात आमच्याकडचं एक कोकरू ओरडलं. नि. दचकला. आणि त्याच्या पाठीमागनं, भिंतीपलीकडनं, एक मेंढी ओरडली. मग इकडनं दोन. मग तिकडनं सगळा कळप. दोघंही फोन धरून बसलेले, आणि कोणी विचारेना हा आवाज कसला. मी तोंडात पदर कोंबला.

आप्पा म्हणाले, "त्या लंगडीचा खूर भरला का?"

नि.चं तोंड उघडं राहिलं. आणि पडदा गोठला, तसाच, उघड्या तोंडाचा. मग कॉल तुटला. परत लावला, लागेना. रेंज इथं सदा अशीच.

थोड्या वेळानं माझ्या फोनवर त्याचा मेसेज. 'ताई, आप्पा शेवटी काय म्हणाले? ऐकू नाही आलं. मेंढराचं काही म्हणाले का? बाच दारात उभा आहे, काय सांगू त्याला?'

मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. फोन आप्पांच्या हातात दिला. म्हटलं, हे बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, तुमचं तुम्ही. आप्पांना पोरगं सांगंल ह्याची वाट बघायची होती. आता पोरगं ह्यांची वाट बघतंय.

आप्पांनी बटण दाबलंय. घसा साफ केला एकदा. उभे राहिलेत, माझ्याकडं पाठ करून, काठीवर हनुवटी टेकून, एक पाऊल दुसऱ्या गुडघ्याला. मेंढरं ओरडतायत, सध्या तेवढंच रेकॉर्ड होतंय.